ट्रॅक डेसाठी पोलोला कोणत्या मापाचे टायर बसवावेत?

आपल्या प्रश्नातील माहिती थोडक्यात अशी: आपण पुण्यात राहता, गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, इंजिन १.२ लिटरचे, मूळ टायर १८५/६० आर १५ मापाचे (रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १५ इंची) आणि त्यांचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा, ८४. कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे स्वतःची गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्यासाठी, जायचा विचार आहे. दुकानदाराने १७ इंची अलॉयवर (मिश्रधातूच्या रिमवर) २१५/४० टायर सुचवले आहेत. ते घ्यावेत, सध्याच्या रिमवर २०५/५० बसवावेत, की आहे तेच माप ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी आपल्या जागी असतो तर सध्याच्याच रिमवर १९५/५५ आर १५ घेतले असते, आणि अलॉयवर जाणारे सगळे पैसे चांगल्या प्रतीच्या रबरावर घातले असते. आधी रबर, मग रिमला शोभेल ती रुंदी आणि व्यास सगळ्यात शेवटी, या क्रमाने निवड करावी असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे ती बहुधा बरोबर उलट्या क्रमाने होते.

रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप, ही समजूत अर्धीच खरी आहे. टायरचा किती भाग जमिनीला टेकेल हे मुख्यतः चाकावरचा भार आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरते. आपली गाडी सुमारे ११०० किलोची आणि पुढे जड आहे, त्यामुळे चालक बसल्यावर पुढच्या प्रत्येक चाकावर साधारण साडेतीनशे किलो भार येतो, आणि ३३ पीएसआय हवेवर तो पेलायला सुमारे दीडशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे बोटांसकट हाताच्या पंजाएवढी जागा लागते. टायर रुंद घेतला म्हणून ही जागा फारशी वाढत नाही. तिचा आकार मात्र बदलतो, लांबी कमी होते आणि रुंदी वाढते. त्याचा फायदा नक्कीच आहे, कारण स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो आणि उष्णता जास्त रबरात वाटली जाते. परंतु हा फायदा पदरात पडण्यासाठी ती सगळी रुंदी वळणावर सपाट टेकलेली राहायला हवी. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट या साध्या रचनेचे सस्पेन्शन आहे. जोरात वळताना गाडी बाहेरच्या अंगाला कलते तसे बाहेरचे पुढचे चाकही तिच्याबरोबर कलते आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, वाढवण्याची सोय मूळ गाडीत जवळजवळ नाही. अशा वेळी टायरची आतली बाजू अर्धवट हवेत असते, आणि जास्तीची रुंदी घेऊनही ती कामाला येत नाही.

आता रिमकडे पाहू. चाक काढून रिमची आतली बाजू फडक्याने पुसा, तेथे कोरलेला आकडा दिसेल. ६जे असेल तर रिमची रुंदी ६ इंच, म्हणजे सुमारे १५२ मिलिमीटर. १९५/५५ टायरसाठी युरोपीय मानकानुसार साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते आणि त्याचे मोजमाप ६ इंचांच्याच रिमवर केले जाते. म्हणजे आपल्या रिमवर तो अगदी हक्काने बसतो. २०५/५० ची मर्यादा साडेपाच ते साडेसात इंच आहे, त्यामुळे तोही ६ इंचांवर बसेल आणि दुकानदार तो निःसंकोच बसवूनही देईल. परंतु त्याची खरी रिम साडेसहा किंवा सात इंचांची. अरुंद रिमवर त्याच्या साइडवॉल बाहेर फुगतात आणि वळणावर टायरचा माथा रिमच्या तुलनेत बाजूला सरकतो. चालकाला हे स्टिअरिंगमध्ये स्पष्ट जाणवते: आपण वळवतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग गाडी वळते. शर्यतीच्या सवयी अंगी बाणवू पाहणाऱ्याला हा उशीर फार जाचतो, कारण चूक आपली की टायरची हेच त्याला कळत नाही. पुढेमागे आपण ७ इंच रुंदीच्या आणि योग्य ऑफसेटच्या (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) १५ इंची हलक्या रिम घेतल्या, तर २०५/५० जरूर घ्या. तेथे तो उत्तम काम करतो. रिम घेताना ५×१०० हा बोल्टांचा साचा आणि ५७.१ मिलिमीटरचे मधले भोक जुळते आहे हे तेवढे तपासून घ्या.

व्यासाचा हिशेब सोपा आहे. टायरची रुंदी गुणिले प्रोफाइलची टक्केवारी म्हणजे साइडवॉलची उंची; तिची दुप्पट करून रिमचे इंच मिलिमीटरमध्ये मिळवायचे. आपला मूळ टायर यानुसार ६०३ मिलिमीटरचा होतो. १९५/५५ आर १५ चा व्यास ५९५.५ मिलिमीटर येतो, फरक सव्वा टक्क्याचा, आणि गाडी चार मिलिमीटरसुद्धा खाली बसत नाही. २०५/५० आर १५ चा ५८६, म्हणजे पावणेतीन टक्क्यांहून किंचित जास्त फरक; स्पीडोमीटर तेवढा अधिक वेग दाखवेल आणि गाडी साडेआठ मिलिमीटर खाली येईल. १९५/५० आर १५ या मापात स्पर्धेचे टायर जगभर मुबलक मिळतात म्हणून अनेकांना तो मोह होतो, पण त्याचा व्यास ५७६ मिलिमीटरच आहे. साडेतेरा मिलिमीटर खाली आलेली गाडी आपल्याकडच्या गतिरोधकांवर रोज पोट घासेल. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आत राहावे हा संकेत मी पाळतो. शिवाय चारही चाकांना एकच माप आणि एकच मॉडेल हवे, कारण एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा, चाकांच्या फिरण्याची एकमेकांशी तुलना करूनच आपला निर्णय घेते.

दुकानदाराने सुचवलेला २१५/४० आर १७ व्यासात जवळजवळ तंतोतंत बसतो, ६०४ मिलिमीटरच्या आसपास, आणि म्हणूनच तो विकणे सोपे जाते. पण साइडवॉल १११ मिलिमीटरवरून ८६ वर येते, मोठी रिम बहुतेक वेळा जड असते आणि ते वजन परिघाजवळ जाते, त्यामुळे तेच इंजिन चाके फिरवायला जास्त कष्ट घेते आणि ब्रेकलाही ती थांबवायला जास्त कष्ट पडतात. १०५ अश्वशक्तीच्या गाडीत हे जाणवते. त्यात रस्त्यातला एखादा खड्डा चुकवता आला नाही तर रिम वाकण्याची शक्यता कितीतरी वाढते. ट्रॅकसाठी हा खर्च करू नका, असे मी स्पष्टच सांगतो.

मापाचा निर्णय झाला की खरा विषय सुरू होतो, तो रबराचा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअर नावाचा आकडा छापणे बंधनकारक आहे. १०० म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाण टायरइतकी झीज आणि २०० म्हणजे त्याच्या दुप्पट आयुष्य, असा त्याचा अर्थ. तो कंपनी स्वतःच जाहीर करते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना सैलपणेच करावी. तरीही ३०० च्या वरचा टायर रोजच्या वापराकडे झुकलेला आणि २०० च्या आसपासचा ट्रॅककडे झुकलेला, एवढा अंदाज येतो. तिकडच्या हौशी स्पर्धांत रस्त्यावरच्या टायरच्या गटासाठी किमान २०० ची अट सर्रास असते. योकोहामाचा ॲडव्हान निओवा एडी०८आर हा या जातीचा टायर १९५/५५ आर १५ मापात, ८५व्ही या खुणेसह बनत आला आहे, आणि ॲडव्हान ए०५२ त्याहून चिकट आहे. ए०५२ लवकर तापतो, पहिल्याच फेरीत पकड देतो, आणि तितक्याच लवकर अति तापून ढेपाळतो. मिनिटाभराच्या ऑटोक्रॉसला (मैदानावर आखलेल्या छोट्या मार्गावरची, एकेका गाडीची वेळ मोजणारी स्पर्धा) तो उत्तम, पंधरा-वीस मिनिटांच्या ट्रॅक सत्राला निओवा बरा.

भारतात अडचण मिळण्याची आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित केली आणि तेव्हापासून अशी विशेष मापे बाजारात सहज दिसत नाहीत. म्हणून मॉडेल ठरवण्याआधी उपलब्धतेची चौकशी करा, आणि जो नग मिळेल त्याच्या साइडवॉलवरचा चार आकडी शिक्का वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. मऊ रबर पडून राहिले तरी कडक होत जाते. गोदामात उन्हाळे काढलेला महागडा निओवा घेण्यापेक्षा देशातच बनलेला, ताजा, त्याच मापाचा साधा स्पोर्टी टायर मी घेईन.

लोड इंडेक्स आणि वेगाच्या खुणेकडेही लक्ष द्या. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८२ म्हणजे ४७५. मूळ आकड्याच्या खाली जाऊ नये. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर आणि व्ही म्हणजे २४०. करीच्या सुमारे २.१ किलोमीटरच्या वळणदार ट्रॅकवर यातली कोणतीही खूण पुरेशी आहे.

पुण्याच्या माणसाला आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे जाण्यायेण्याचा रस्ता. कोइम्बतूर सुमारे बाराशे किलोमीटर. ट्रेलर नसेल तर ज्या टायरवर आपण ट्रॅकवर फिरणार, त्याच टायरवर खंबाटकी, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम करत जायचे आणि तसेच परत यायचे. ट्रॅकसाठीचे टायर मुळातच कमी खोल खाचांचे असतात. कायद्याने कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी, पण भर पावसात महामार्गावर तीन मिलिमीटरखालचा असा टायर पाण्यावर तरंगू लागतो. त्यामुळे परतीच्या प्रवासापुरती खाच शिल्लक राहील एवढ्याच बेताने ट्रॅकवर झीज करावी, आणि जून ते सप्टेंबर या काळात हा बेत आखू नये. या लांबच्या प्रवासाचा एक लाभही आहे: अगदी कोऱ्या टायरचे उंच ठोकळे ट्रॅकवर वाकतात आणि वाजवीपेक्षा जास्त तापतात, तर बाराशे किलोमीटर चाललेला टायर त्या कामासाठी मुरलेला असतो.

ट्रॅकवर पोहोचल्यावर टायरची निवड योग्य होती की नाही, हे हवेचा दाब आणि एक खडू सांगतो. दर दहा अंश तापमानवाढीला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, म्हणून सकाळी थंड टायरमध्ये ३२ पीएसआय भरली तर सत्रानंतर ती ३७-३८ पर्यंत सहज जाते. सत्राआधी पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून साइडवॉलवर उतरणारी खडूची जाड रेघ चार ठिकाणी ओढा. बऱ्याच टायरच्या खांद्यापाशी एक बारीकसा त्रिकोण कोरलेला असतो. गाडी परत आल्यावर खडू त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर दाब बरोबर आहे. त्रिकोणाच्या खाली, अक्षरांच्या दिशेने पुसला गेला असेल तर टायर लोळतो आहे, हवा दोन पीएसआयने वाढवा. वरच थांबला असेल तर तेवढीच कमी करा. मग गार झालेल्या खांद्यावरून बोट फिरवून पाहा. चांगला चाललेला टायर बारीक पॉलिशपेपरसारखा लागतो, अति तापलेल्याच्या कडेला रबराच्या गुंडाळ्या साचतात आणि पृष्ठभाग निळसर चकाकतो. तो निळसरपणा दिसला की पुढच्या सत्रात दोन फेऱ्या जोरात आणि एक सावकाश असा क्रम ठेवा. घरी निघण्यापूर्वी थंड टायरची हवा पुन्हा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्यायची, आणि चाके काढली असतील तर बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळायचे.

आपण शेवटी ओघात विचारले आहे की हेच टायर इकडच्या ऑटोक्रॉसला चालतील का. पुण्या-नाशिककडचे ऑटोक्रॉस बहुधा मातीच्या मैदानावर होतात आणि तेथे हे टायर निरुपयोगी आहेत. खाचा एका वळणात मातीने भरतात आणि साइडवॉल दगडाने फाटू शकते. मातीसाठी मूळ १८५/६० चा जुना संच आणि नियमपुस्तक परवानगी देत असेल तर रॅलीचे ठोकळेदार टायर, एवढेच योग्य. तेव्हा सध्याचे टायर विकू नका. अलॉयचे वाचलेले पैसे मात्र निघण्यापूर्वी चांगले ब्रेक पॅड आणि ताज्या डॉट ४ ब्रेक ऑइलवर खर्च करा, कारण ग्रिप वाढली की वळणात शिरतानाचा वेग वाढतो, ब्रेक उशिरा आणि जास्त जोरात लागतात, आणि मूळ पॅड तिसऱ्या-चौथ्या फेरीतच दमतात.