कबाड्याकडचं ‘लढाईतलं’ मीटर: काच उघडू नका, अन् कुठं जमा तर मुळीच करू नका

भाऊ, तुम्ही लिहिलंय: नागपूरच्या इतवारीत कबाड्याकडून घेतलेलं काळं गोल मीटर, मागे मुकुट आणि त्याखाली एएम (एअर मिनिस्ट्री, म्हणजे ब्रिटिश हवाई खातं), मग ६ए/ ने सुरू होणारा नंबर, आणि कबाडी म्हणतो “स्पिटफायर का है साहब”, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं. आता तुम्ही काच काढून आतली धूळ झटकणार आहात. आधी ते थांबवा, बाकीचं उत्तर सावकाश वाचा.

त्या काळच्या मीटरांच्या आकड्यांवर अन् काट्यांवर बहुतेक वेळा रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी, रंग असतो. अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं, असं नाही. संपतो तो चमकणारा पदार्थ. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. रंगाचे पोपडे सुटलेले असतात, उघडलं की भुकटी श्वासातून आत जाते. जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, लेकरांपासून लांब ठेवा, हाताळलं की हात धुवा. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. नकोसं झालं तर कचऱ्यात टाकू नका, हा विषय अणुऊर्जा नियामक परिषदेचा आहे.

आता ओळख. ६ए हा ब्रिटिश हवाई दलाच्या भांडाराचा विमानातल्या मीटरांचा विभाग. त्यावरून विमान कळत नाही. वेग, उंची, कृत्रिम क्षितिज वगैरे सहा मीटरांचं ठरावीक पॅनल स्पिटफायरमध्येही होतं, हरिकेन या दुसऱ्या लढाऊ विमानातही आणि लँकेस्टर या बॉम्बफेकी विमानातही. कबाड्याला एकच विमान माहीत असतं, त्याला इलाज नाही. मुकुट मात्र नीट बघा. माथा गोलसर चढलेला असेल तर राजाचा मुकुट, मधोमध दबलेला असेल तर राणीचा, म्हणजे १९५२ नंतरचा. राजाचा असला तरी युद्धातलाच असं नाही, १९५० चाही असू शकतो. वेगाचं मीटर असेल तर ताशी मैल आहेत की नॉट (ताशी सागरी मैल), हेही कळवा. ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांत युद्धकाळी मैल असायचे, नॉट नंतर आले.

नागपुरात तर आणखी जपून. १९४९ पासून १९७३ पर्यंत रात्रीच्या टपालाची विमानं चारी महानगरांतून मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर जमायची, सुरुवातीला त्यात डाकोटा ही युद्धकाळातली मालवाहू विमानं होती. म्हणजे इथं सापडलेला डाकोटाचा तुकडा बर्मा आघाडीचा न निघता कुणाच्या पोस्टकार्डांचा निघू शकतो. माझ्या मते त्याची किंमत त्यानं कमी होत नाही, विकणाऱ्याला मात्र हे पटत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, “एखाद्या सरकारी कार्यालयात दाखवू का?” त्याच ओळीमुळे हे सगळं लिहायला बसलो.

माझ्याकडे कंट्रोल केबलची पुली बसवायचा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट होता. करडा-हिरवा मूळ रंग, ३०० ने सुरू होणारा ड्रॉइंग नंबर (हा खरोखर स्पिटफायरच्या भागांवर असतो) आणि शेजारी तपासनिसाचा शाईचा गोल शिक्का. शिक्क्यातली अक्षरं कळली की कारखाना कळतो: ६एस म्हणजे सुपरमरीन (स्पिटफायरची मूळ कंपनी), सीबीएएफ म्हणजे कॅसल ब्रॉमविचचा कारखाना. माझी अक्षरं अर्धवट होती, म्हणून एका कचेरीत गेलो. नाव घेत नाही, तिथे ओळखीची माणसं नोकरीला आहेत. पहिल्या टेबलावर सांगितलं, ही पुरावस्तू आहे, नोंदणी करा. अहो, १९७२ च्या कायद्यात अशा वस्तूला शंभर वर्षं लागतात, दुसऱ्या महायुद्धाला ती झालेली नाहीत. दुसऱ्या टेबलावर कबाड्याचं प्रतिज्ञापत्र मागितलं. कबाड्याचं! तिसऱ्या टेबलावर “वस्तू जमा करा, अभिप्राय कळवू.” पावसाळा गेला, साहेबांची बदली झाली, नवे साहेब पाहणीला येणार म्हणून कुणीतरी कपाटातल्या साऱ्या वस्तू ‘साफ’ केल्या. माझा ब्रॅकेट तारेच्या ब्रशनं घासून, वर चांदीचा रंग मारून परत मिळाला. सोबत पत्र: सदर वस्तू विमानाचा सुटा भाग असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. बाप्पा, तेवढं तर कबाड्यानंही सांगितलं होतं, अन् त्यानं रंग नव्हता मारला.

फोटो होते माझ्याकडे, पण फिकी शाई समोरच्या उजेडात नुसता डाग दिसते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरून, पाच-सहा बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. पाणी, रॉकेल, पितांबरी, काही लावू नका. कोरडा मऊ ब्रश पुरे, अन् तोही रेडियमच्या मीटरला नाही. कुठे जमा करावंच लागलं तर पोचपावतीवर प्रत्येक खूण लिहून घ्या आणि ‘साफसफाई करू नये’ हे शब्द सही-शिक्क्यासह टाकून घ्या. सगळ्या कचेऱ्या अशाच, असं म्हणत नाही. मी परत गेलो नाही, एवढंच.

कायद्याचं थोडं: मी वकील नाही, पण कबाड्याकडून साधं का होईना बिल घ्या. जिवंत काडतूस, बंदुकीचा भाग, बॉम्बसारखं काहीही दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

जाता जाता एक. पितळेवर मोठ्या अक्षरांत ‘रॉयल एअर फोर्स १९४१’ कोरलेलं होकायंत्र दाखवतील, ते शोभेचं समजा. अन् त्याच लॉटमध्ये चेपलेला, रिव्हेटांचा पत्रा असेल तर किलोच्या भावात उचला. मीटर पन्नास विमानांत बसतं, पत्रा एकाच विमानाचा असतो आणि नंबर बहुधा आतल्या बाजूला असतो.