स्टेंट टाकल्यावर छातीत टोचतं, चालायचीही भीती वाटते. काय करावं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. अँजिओप्लास्टी होऊन सहा आठवडे झालेत, डाव्या बाजूला मधूनच टोचतं, पत्नी जिनाही चढू देत नाही, आणि 'चालताना स्टेंट सरकला तर?' या विचाराने रात्री झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही. पण तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ५४व्या वर्षी, माझ्या एलएडीमध्ये, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत स्टेंट बसला. त्यानंतरचे दोन महिने मी अगदी तुमच्यासारखेच काढलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तातडीचं. छातीवर दडपण, आवळल्यासारखं किंवा भरून आल्यासारखं वाटलं, ते जबड्यात, हातात, पाठीत गेलं, सोबत घाम, मळमळ किंवा धाप असेल, तर असाल तिथे बसा. जिभेखाली ठेवायची गोळी तुम्हाला दिलेली असेल तर ती बसूनच घ्या. तिने रक्तदाब उतरतो, उभं राहून घेतली तर चक्कर येऊन पडायला होतं. पाच मिनिटांत आराम पडला नाही, तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. आणखी एक गोष्ट पुष्कळ पुरुष लाजेपोटी डॉक्टरांना सांगत नाहीत. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही लैंगिक ताठरतेसाठीची गोळी घेत असाल, तर जिभेखालच्या गोळीबरोबर ती चालत नाही, रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. हे त्यांच्या कानावर घालाच.

आता सरकण्याचं. स्टेंट चालण्याने सरकत नाही. जिने चढल्याने, खोकल्याने, शिंकेनेही नाही. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची धमनी पहिल्यांदा फुग्याने उघडली, पण नुसत्या फुग्याने उघडलेली धमनी काही जणांत पुन्हा मिटायची. ते होऊ नये म्हणून १९८६ पासून आत धातूच्या जाळीचा टेकू द्यायला लागले, तोच हा स्टेंट. तो मिटलेल्या अवस्थेत फुग्यावर बसवून आत नेतात आणि फुगवून धमनीच्या भिंतीत दाबून बसवतात. त्या वेळचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पाचसहा पट असतो. पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत त्या जाळीवर धमनीचं स्वतःचं पातळ अस्तर चढतं आणि ती भिंतीचाच भाग होऊन जाते.

स्टेंटला खरा धोका गोळ्या चुकण्याचा असतो. अस्तर पुरतं चढेपर्यंत त्या जाळीवर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणूनच ॲस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल अशा दोन गोळ्या देतात. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर साधारण सहा महिने आणि हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही चालतात. कोणाचा रक्तस्रावाचा धोका किती, यावर हा काळ कमीजास्त होतो. दात काढायचाय म्हणून कोणी 'चार दिवस बंद ठेवा' म्हणालं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. मी दोन महिने जिन्याला घाबरत होते, आणि त्याच दिवसांत एकदा प्रवासाच्या गडबडीत संध्याकाळची गोळी राहून गेली तर त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

मग दुखतं कशाने? कारणं बरीच असतात आणि त्यातली पुष्कळशी स्टेंट बंद पडल्याची नसतात. धमनी ताणली गेल्याने सुरुवातीला एक बोथट दुखणं काही जणांना राहतं. हृदयाच्या अगदी बारीक रक्तवाहिन्या, ज्या अँजिओग्राफीत नीट दिसतही नाहीत, त्या कधीकधी हव्या तेवढ्या रुंदावत नाहीत. दुसऱ्या एखाद्या फांदीत मुद्दाम न छेडलेला ब्लॉकेज असू शकतो. ॲसिडिटी असते, बरगड्यांचे स्नायू असतात. आणि हो, काहींच्या बाबतीत काही महिन्यांनी स्टेंटच्या आत पेशी वाढून जागा पुन्हा अरुंद होते. औषध लावलेले स्टेंट आल्यापासून ते पुष्कळ कमी झालंय, पण होतं.

यावर एक अभ्यास मला फार धीर देऊन गेला. २०२३ साली ऑर्बिटा-२ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छातीत दुखणाऱ्या ३०१ रुग्णांची दुखण्यावरची औषधं थांबवून काहींना स्टेंट टाकला आणि काहींवर फक्त तसा देखावा केला, कोणाला काय झालं हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. १२ आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी ४० टक्के दुखण्यातून पूर्ण मोकळे झाले होते, दुसऱ्या गटात १५ टक्के. म्हणजे स्टेंटचा उपयोग खरा आहे. पण व्यवस्थित बसलेल्या स्टेंटनंतरही निम्म्याहून जास्त लोकांना थोडंफार दुखतच होतं. मी मात्र प्रत्येक चमकेला 'स्टेंट गेला' असंच धरून बसले होते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात मी दोनदा मध्यरात्री इमर्जन्सीत गेले. दोन्ही वेळा ईसीजी ठीक, ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, तीही ठीक. दुसऱ्या रात्री तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी छातीच्या मधल्या हाडाला बरगडी जुळते तिथे बोटाने दाबलं आणि मी ओरडले. तेच दुखणं, तसंच. हृदयातलं दुखणं असं बाहेरून दाबून सहसा येत नाही, म्हणाल्या. गेले त्याचं मला वाईट वाटत नाही, तुम्हीही शंका आली तर जा. पण त्या बोटाने मला एक धडा दिला, दुखण्याची ओळख करून घ्यायचा.

सॅम्युएल लेव्हाइन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने एक खूण ओळखली जाते: हृदयाचं दुखणं सांगताना माणूस नकळत छातीवर मूठ आवळून धरतो. टोचणं एका बोटाने दाखवता येतं, सेकंदभर येतं-जातं, कूस बदलली किंवा खोल श्वास घेतला की बदलतं. हृदयाचं दुखणं पसरट असतं, जड असतं, मिनिटांच्या हिशेबात टिकतं आणि त्याचं श्रमाशी नातं असतं. चालताना येतं, थांबलं की काही मिनिटांत ओसरतं. ही खूण शंभर टक्के खरी नाही. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ते वेगळ्याच रूपात येऊ शकतं. माझं मूळ दुखणं छातीत नव्हतंच. चढ चढताना जबडा ओढल्यासारखा व्हायचा, आणि मी तीन महिने दातांच्या डॉक्टरांकडे जात होते. म्हणून स्टेंट बसवायच्या आधी तुम्हाला नेमकं काय आणि कुठे होत होतं ते आठवा आणि लिहून ठेवा. तेच पुन्हा आलं, तर ते इतर कुठल्याही टोचण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

माझं खरं म्हणणं इथे आहे. श्रमाशी नातं आहे की नाही हे बसून राहिलं तर कळणार कसं? मी दोन महिने सोफ्यावर बसून प्रत्येक चमकेचा अर्थ लावत होते. बसून राहिल्याने पायांतली ताकद गेली, मग दहा पायऱ्यांत दम लागायला लागला, आणि तो दम बघून भीती दुप्पट झाली. चालायला लागले तेव्हाच कळलं की टोचणं चालताना येतच नाही, रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर येतं.

पूर्वी हार्ट अटॅकनंतर माणसाला कित्येक आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १९५२ साली याच लेव्हाइन यांनी बर्नार्ड लाउन यांच्यासोबत रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नुसतं खुर्चीत बसवणं हेसुद्धा तेव्हा धाडस होतं. आज हृदयरुग्णाला पुन्हा हिंडतंफिरतं करायचा, कार्डियाक रिहॅब नावाचा रीतसर कार्यक्रम असतो. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, सुरुवातीला ईसीजीच्या तारा लावून, आठवड्यातून दोनतीनदा, बहुधा १२ आठवडे. मिळत असेल तर सोडू नका. मॉनिटरवर माझी ईसीजीची रेघ एका लयीत चाललेली बघत ट्रेडमिलवर चालले ती २० मिनिटं मला कुठल्याही गोळीपेक्षा जास्त धीर देऊन गेली.

रिहॅब नसेल तर डॉक्टरांना विचारून सपाटीवर चालणं सुरू करता येतं. मी पाच मिनिटांपासून सुरू केलं, दिवसातून दोनदा, आणि दर दोनतीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सलग ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. नाडीच्या आकड्यामागे लागू नका. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल अशी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुद्दाम कमी ठेवलेले असतात, जास्तीत जास्त ठोके किती ते काढायचा '२२० वजा वय' हा हिशेब तिथे लागू पडत नाही. त्यापेक्षा स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची श्रम मोजायची ६ ते २० ची पट्टी बरी. ६ म्हणजे अजिबात श्रम नाहीत, २० म्हणजे आता पाऊल उचलणार नाही. सुरुवातीला ११ ते १३ मध्ये राहायचं. सोपं करून सांगायचं तर चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, गाणं मात्र म्हणता येऊ नये.

पहिली आणि शेवटची पाचसात मिनिटं हळू चाला. एकदम थांबलं की पायांत रक्त साचून रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. भरल्या पोटी आणि बोचऱ्या थंडीत हृदयावर जास्त ताण येतो. वजन उचलताना श्वास रोखून कुंथू नका. हे चालण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्या क्षणी रक्तदाब झपकन चढतो.

एक मधलंच सांगते. टिकाग्रेलोर चालू असेल आणि बसल्या बसल्या श्वास कमी पडल्यासारखा वाटत असेल, तर त्या गोळीने तसं बऱ्याच जणांना होतं. स्वतःहून थांबवू मात्र नका, डॉक्टर बदलून देऊ शकतात.

वही ठेवा. किती चाललात, दुखलं का, कुठे, कितव्या मिनिटाला, थांबल्यावर किती वेळात गेलं. मला ती वही आठव्या महिन्यात उपयोगी पडली. चढावर चौथ्या मिनिटाला जबड्यात तीच जुनी ओढ आली. थांबले, दोन मिनिटांत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. त्याच दुपारी वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती दोन पानं वाचली आणि थेट तपासण्या लावल्या. स्टेंट उघडा होता. एका बारीक फांदीत अरुंदपणा निघाला, स्टेंट बसेल एवढी ती फांदी मोठी नव्हती. गोळी वाढवली, आठवड्याभरात ओढ गेली. 'छातीत कसंतरी होतं' एवढंच सांगितलं असतं तर इतक्या लवकर उलगडा झाला नसता.

झोपेचंही डॉक्टरांना सांगा. मी दर दहा मिनिटांनी नाडी बघायचे, एकटी अंघोळीला जायला घाबरायचे. हे मनाचं दुबळेपण नाही, हृदयाच्या दुखण्यानंतर पुष्कळांना होतं आणि त्यावर उपचार आहेत. समुपदेशकाकडे मी सहा वेळा गेले. आणि पत्नीला चालताना सोबत न्या. माझा नवराही मला जिना चढू द्यायचा नाही. तो पंधरा दिवस माझ्यासोबत चालला, वही त्यानेच लिहिली, आणि मग एक दिवस 'आज तू एकटी जाऊन ये' असं तोच म्हणाला.

तुम्ही उद्याच डॉक्टरांना फोन करा. सहा आठवडे टोचतंय हे त्यांना कळायला हवं, मग ते निरुपद्रवी असो वा नसो. आणि चारच गोष्टी विचारा: दुसऱ्या कुठल्या धमनीत ब्लॉकेज ठेवलाय का, इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग किती आहे, चालण्याआधी स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून करतात ती) हवी का, आणि रिहॅबसाठी चिठ्ठी द्याल का.