कायदा आणि कुटुंब : नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?

प्रश्न : वय ६८. फ्लॅट माझ्या कमाईचा आणि माझ्या एकट्याच्या नावावर. सोसायटी, बँक, म्युच्युअल फंड, सगळीकडे पत्नी नॉमिनी आहे. मुलगा-मुलगी दोघेही समजूतदार, वाद काहीच नाही. माझी ९१ वर्षांची आई गावी धाकट्या भावाकडे असते. एवढे सगळे सुरळीत असताना मृत्युपत्राची भानगड कशाला?
– पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्थेने पैसे किंवा शेअर कोणाच्या हाती सोपवायचे, एवढेच नॉमिनेशन ठरवते. ते कोणाचे, हे मृत्युपत्र ठरवते आणि ते नसेल तर वारसा कायदा. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. गृहनिर्माण सोसायट्यांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यातच तसे लिहिले: वारसांना सदस्य करून घेईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सदस्य. आयुर्विम्याचे थोडे निराळे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, आईवडील किंवा मुले नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच होते.

आता तुमचे घर घ्या. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई असे चार सारखे हिस्से पडतात. आई या यादीत असते हे बहुतेकांच्या गावीही नसते. (वडील मात्र पहिल्या वर्गाच्या, म्हणजे सर्वांत आधी हक्क असलेल्या, वारसांत नाहीत.) पुढे आई गेल्या की त्यांचा चौथा हिस्सा तुमच्या भावंडांतही वाटला जातो. म्हणजे पत्नीला उद्या फ्लॅट विकायचा झाला तर दिरांच्या आणि नणंदांच्याही सह्या हव्यात, किंवा सगळ्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे. त्यांपैकी कोणी परदेशी असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र मागवा. कोणाचे निधन होऊन मागे अज्ञान (१८ वर्षांखालील) मुले असतील तर विक्रीला न्यायालयाची परवानगी. वाद नसला तरी सह्या लागतातच, आणि घेणाऱ्याला कर्ज देणारी बँक एका सहीवाचून अडून बसते.

स्वकष्टाचा फ्लॅट तुम्ही मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीला देऊ शकता. आईंची सोय लावायची तर त्यांच्या नावे ठरावीक मुदत ठेव लिहा. फ्लॅटमधला हिस्सा त्यांच्या काही उपयोगाचा नाही.

प्रश्न : मृत्युपत्र स्टँप पेपरवरच लागते का? नोंदणी सक्तीची आहे का? स्वतः लिहिले तर चालेल का?
– नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : साधा कागद चालतो, मुद्रांक शुल्क नाही, मराठीत हाताने लिहिलेलेही चालते. अट एकच, पण पक्की: तुमची सही आणि दोन साक्षीदार. साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे आणि तुमच्यासमोर स्वतः सही करावी. आत काय लिहिले आहे ते त्यांना कळण्याची गरज नाही. पुढे न्यायालयात गेलेच तर निदान एका साक्षीदाराला उभे राहावे लागते, म्हणून ७५ वर्षांचे मित्र नकोत, वयाने लहान आणि जवळपास राहणारे घ्या. ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नसावा. संशयाला तेवढे निमित्त पुरते. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथेही सही. वय झाले असेल तर तुम्ही मनाने ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा घ्या. महिनाभर आधीचा दाखला त्या दिवसाबद्दल काहीच सांगत नाही.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकांकडे करून घ्यावी असेच आम्ही सांगतो. मूळ कागद हरवला तरी नक्कल मिळते. ठाणे-नवी मुंबईतल्या घरासाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र) सक्तीचे नाही.

खरी गफलत भाषेत होते. 'माझा फ्लॅट मुलाला' एवढ्याने भागत नाही. सोसायटीचे नाव, सदनिका क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक लिहा. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तुम्ही फक्त आपला हिस्सा देऊ शकता. 'पत्नीला पूर्ण मालकीने, आणि तिच्यानंतर मुलाला' हे वाक्य आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक मसुद्यांत असते आणि तेच कोर्टात नेते. पूर्ण मालकी दिली तर पुढे काय करायचे ते पत्नी ठरवणार. तहहयात राहण्याचाच हक्क द्यायचा असेल तर तसे स्पष्ट लिहा. मग तिला घर विकता येणार नाही, हेही समजून घ्या. 'ती माझ्याआधी निवर्तल्यास' हा पर्याय हवाच. शेवटी एक ओळ: 'वर उल्लेख नसलेली व यापुढे मिळणारी सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीस.' ही ओळ नसेल तर नंतर उघडलेले डीमॅट खाते पुन्हा वारसा कायद्याकडे जाते.

प्रश्न : मुलगा म्हणतो, बक्षीसपत्राला २०० रुपयेच स्टँप लागतो, आत्ताच फ्लॅट नावावर करून द्या.
– वाशी

उत्तर : मुलाला राहते घर बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, हे बरोबर. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. शिवाय वाशीतली जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची, तेव्हा सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागेल का, ते आधी विचारा. पण बक्षीसपत्र सहजी मागे घेता येत नाही, मृत्युपत्र तुम्ही मरेपर्यंत कितीही वेळा बदलू शकता. द्यायचेच ठरले तर 'मुलाने आमचा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रातच लिहा. तो सांभाळ न करील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. तोंडी अटीवर विसंबू नका.

प्रश्न : मी विधवा, मूलबाळ नाही, ऐरोलीतला फ्लॅट माझ्या पगारातून घेतला. माझ्यामागे तो माहेरी जाईल ना?
– ऐरोली

उत्तर : नाही. मृत्युपत्र नसेल तर तुमची स्वतःची कमाई आधी पतीच्या वारसांकडे जाते, आईवडिलांचा क्रम त्यानंतर. मृत्युपत्र या महिन्यातच करा. लग्नाआधी भरलेले पीएफचे नॉमिनेशन लग्न झाल्यावर रद्द ठरते, तेही नव्याने भरले आहे का ते पाहा.

प्रश्न : मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवले तर?
– कोपरी, ठाणे

उत्तर : लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर नको. ते उघडण्यासाठी वारसांना धावपळ करावी लागेल आणि वारस कोण ते सांगणारा कागद आतच असेल. मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करण्यासाठी त्यातच व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या व्यक्तीकडे मूळ प्रत द्या, आणि ती कुठे आहे हे निदान दोघांना सांगून ठेवा.