नोकरीत असताना एम.ए. (शिक्षणशास्त्र) करण्याचा खेड्यातील शिक्षकाला खरोखर उपयोग होतो का?

यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना ही पदवी घ्यावी का, असे आपण विचारले आहे. अवश्य घ्यावी, मात्र केवळ वेतनश्रेणीवर डोळा ठेवून नव्हे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घरी राहून करता येतो. प्रवेशापूर्वी विभागाची लेखी परवानगी तेवढी घ्यावी.

खरा लाभ या अभ्यासक्रमातील लघुप्रबंधात, म्हणजे छोट्या संशोधन-लेखनात आहे, आणि त्याचा विषय आपल्याच वर्गात शोधावा, असे मला कळकळीने वाटते. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीपत्रकात कोणाच्या नावापुढे सलग गैरहजेरी लागते, घरी धाकट्या भावंडाला सांभाळायला कोण थांबते आणि परतल्यावर हातच्याच्या वजाबाकीत ते मूल नेमके कुठे अडते, हे महिनोन्महिने नोंदवले, तर अध्यापनात काय बदलायचे ते आपोआप स्पष्ट होते. घरी कोलामी ही आदिवासी भाषा बोलणारी मुले पहिलीत गप्प का बसतात, हाही तितकाच मोलाचा विषय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे. 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन मंचावरील प्रशिक्षणांचा त्यासाठी उपयोग होतो. तरीही आपल्या केंद्रातील, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील, शिक्षण परिषदेत आपल्या नोंदी सहकाऱ्यांपुढे मांडून त्यांच्या शंकांना उत्तरे देणे मला अधिक फलदायी वाटते.