पायथॉनचं डॉक्युमेंटेशन लिहून पोट भरेल का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. मुलगी बीसीएसच्या सेकंड इयरला, बारावीपर्यंत मराठी मीडियम, आणि आता रात्र रात्र जागून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या डॉक्युमेंटेशनमधल्या, म्हणजे ती कशी वापरायची ते सांगणाऱ्या माहितीतल्या, चुका दुरुस्त करते तेही फुकट, मग हिचं कोडिंग मागे पडेल आणि नोकरी कोण देईल ही तुमची काळजी.

आधी एक सांगतो, हे कोडिंग सोडून चाललेलं काम नाहीये. ऑक्टोबर 2023 ला पायथॉन 3.12 आलं आणि त्यातून डिस्टयूटिल्स हे जुनं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा एक भाग, काढून टाकलं. 3.10 पासून डॉक्युमेंटेशनमध्ये तशी सूचना होती, पण सूचना वाचतो कोण, लोकांनी नवीन व्हर्जन टाकलं आणि जुने प्रोजेक्ट धडाधड एरर द्यायला लागले. अशा वेळी माणूस रिलीज नोट्स, म्हणजे नव्या व्हर्जनमध्ये काय बदललं त्याची टिपणं, उघडतो, आणि तिथे काय गेलं, का गेलं, त्याऐवजी सेटअपटूल्स हे दुसरं टूल वापरा एवढं नीट लिहिलेलं असलं की त्याचा अख्खा दिवस वाचतो. पण त्या दोन ओळी लिहायला कुठल्या बदलाने कुणाचं काय मोडणार हे कळावं लागतं, म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचता यावा लागतो, आणि ते कॉलेजात फारसं कुणी शिकवत नाही हो.

पायथॉनचं डॉक्युमेंटेशन कोडच्याच रेपोत, म्हणजे कोड साठवतात त्याच जागी, असतं. कोडमध्ये बदल केला की सोबत काय बदललं ते सांगणारी एक छोटी न्यूज फाइल जोडायची, काम तपासणारा रिव्ह्यूअर सांगेल तसं परत लिहायचं, रिलीजच्या वेळी या फाइली एकत्र होऊन चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, बनतो. कंपनीतही थोड्याफार फरकाने हेच चालतं.

पैशाचं स्पष्ट बोलतो. पायथॉनसाठी हे काम बहुतेक जण फुकटच करतात, पगार मिळतो तो सॉफ्टवेअर कंपन्यांत टेक्निकल रायटर म्हणून, पुण्यातही अशा जागा निघतात. तिथे तिच्या नावावर मर्ज झालेले, म्हणजे स्वीकारले गेलेले, बदल उघडून दाखवता येतील. इंग्रजीची भीती नको, या कामाला छोटी सरळ वाक्यं लागतात.

फक्त स्पेलिंग सुधारण्यावर थांबू नकोस म्हणावं तिला. प्रत्येक उदाहरण स्वतः रन करून बघायचं, गिट (बदलांची नोंद ठेवणारं टूल) आणि स्फिंक्स (डॉक्युमेंटेशन तयार करणारं टूल) नीट शिकायचं, आणि थर्ड इयरच्या आत एखादा छोटा बग कोडमध्ये जाऊन दुरुस्त करायचा. जागरण मात्र बंद करा, रिव्ह्यू करणारेही बरेचसे फावल्या वेळातच बघतात, कधी उत्तराला आठवडे लागतात, तेवढ्यात डेटा स्ट्रक्चर्सचा अभ्यास उरकता येईल.