‘नास्तिक’, ‘निधर्मी’ आणि जागतिक आकडेवारी

‘जगातील २४ टक्के लोक नास्तिक झाले’ अशा मथळ्यात ‘नास्तिक’ हा शब्द योग्य आहे का, आणि नसल्यास कोणता वापरावा, असा प्रश्न आहे. माझ्या मते तो योग्य नाही. ‘झाले’ हे क्रियापद तर त्याहूनही दिशाभूल करणारे आहे.

हा आकडा प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२५ सालच्या अहवालातला. २०२० साली जगातील २४.२ टक्के, म्हणजे सुमारे १९० कोटी लोक स्वतःला कोणत्याही धर्माचे म्हणवत नव्हते, एवढेच तो सांगतो. २०१० पासून त्यांचा वाटा एक टक्कासुद्धा वाढलेला नाही. शिवाय यांतील दोन तृतीयांश लोक चीनमधले आहेत. ‘धर्म नाही’ असे सांगणारे तिथले अनेकजण छिंगमिंगच्या सणाला पूर्वजांच्या थडग्यांपुढे उदबत्त्या लावतात आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही. अमेरिकेत २०२३-२४ च्या पाहणीत धर्म नाही असे सांगणारे २९ टक्के निघाले, पण त्यांत स्वतःला नास्तिक म्हणवणारे एकूण लोकसंख्येच्या अवघे ५ टक्के आणि अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असे मानणारे) ६ टक्के. बाकीच्या १९ टक्क्यांचे उत्तर ‘विशेष असे काही नाही’ एवढेच होते. (बेरीज एकाने जास्त भरते ती पूर्णांकांमुळे.)

‘नास्तिक’ हा शब्द नकारातून घडला आहे, आणि नकार कशाला, हे काळानुसार बदलत गेले. पाणिनीच्या ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ (४.४.६०) या सूत्रावर काशिकावृत्ती ही जुनी टीका परलोकाचा उल्लेख करते, म्हणजे परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक. दैववाद्यासाठी ‘दैष्टिक’ हा शब्दही याच सूत्रातला. तो मराठीत टिकला नाही याची मला हळहळ वाटते. मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ (२.११), म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक, असे म्हटले आहे. त्यामुळे जगन्निर्माता ईश्वर न मानणारी, पण वेद प्रमाण मानणारी पूर्वमीमांसा आस्तिक दर्शनांत बसते, तर जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात. या अर्थाने मोजायचे तर जगातील ३२ कोटी बौद्धही नास्तिकांच्या रकान्यात घालावे लागतील! आजच्या मराठीत ‘देव न मानणारा’ हाच अर्थ रूढ आहे आणि तो मान्य करायला हवा. मात्र प्रश्नावलीत ‘धर्म कोणता’ एवढेच विचारले असेल, तर देवाबद्दलचे मत त्या उत्तरातून काढता येत नाही.

‘निधर्मी’ हा शब्द रचनेने जवळचा आहे, परंतु ‘निधर्मी राज्य’ या प्रयोगामुळे त्याला राजकीय अर्थ चिकटला आहे, आणि अशा राज्याचा पुरस्कर्ता स्वतः नेमाने पूजा करणारा असू शकतो. ‘धर्महीन’ आणि ‘अधर्मी’ यांत निंदा आहे.

मी ‘धर्म नाही असे सांगणारे’ असे लिहीन. शब्द वाढतात, पण अर्थ सुटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशांचे प्रमाण २०११ मधील २५.२ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३७.२ टक्क्यांवर गेले; ऐच्छिक असलेला हा प्रश्न कोराच सोडणारे ६ टक्के त्यांत धरलेले नाहीत. भारताच्या २०११ च्या जनगणनेतील ‘धर्म सांगितला नाही’ या गटातले सुमारे २८.७ लाख लोकही वेगळेच, कारण न सांगणे म्हणजे नाकारणे नव्हे. त्याच जनगणनेत ‘इतर धर्म व पंथ’ या सदराखाली सुमारे ३३ हजार नास्तिकांची नोंद आहे. त्यांच्यासाठी मात्र ‘नास्तिक’ हाच शब्द वापरावा, कारण तो त्यांनी स्वतः सांगितलेला आहे.