कंसातला गोंधळ

(विधानमंडळात ३४ वर्षं प्रतिवेदक म्हणून काम करून निवृत्त झालेल्या आमच्या स्तंभलेखिका या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत.)

टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे आमदार बाहेर एकाच टेबलावर चहा पिताना दिसतात. मग आत चालतं ते सगळं नाटक समजायचं का?
– एक शिक्षक, लातूर

गुरुजी, थोडं नाटक असतंच. वर पत्रकारांची गॅलरी भरलेली असली की खालचे आवाज चढतात, हे मी कितीदा तरी पाहिलंय. पण माझी जागा कुठे होती ते सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. अध्यक्षांच्या आसनासमोर, दोन्ही बाजूंच्या मधोमध आमचं टेबल. काही मिनिटांची पाळी असते. तेवढ्यात जे बोललं जाईल ते लघुलिपीत उतरवायचं, आणि पुढचा सहकारी येऊन बसला की उठून ते सविस्तर लिहून काढायला पळायचं. दोघं एकदम बोलायला लागले, तर ज्याला अध्यक्षांनी परवानगी दिली त्याचंच लिहायचं. बाकी आरडाओरड्यासाठी कंसात एकच शब्द: (अडथळा).

त्यामुळे टीव्हीवर जो दिवस गाजायचा, त्या दिवशी माझी वही जवळजवळ कोरी असायची. बोटं दुखायची ती शांत दिवशी, प्रश्नोत्तराच्या तासाला.

एका कालव्याचा तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, आठवतो. टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या) गावांना आवर्तनाचं (पाळीचं) पाणी पोचतच नाही, हे खरे आहे काय? छापील यादीत प्रश्नावर चार-पाच नावं होती, दोन्हीकडची. मंत्र्यांचं उत्तर ठरलेल्या साच्यातलं: ‘हे अंशतः खरे आहे.’ विरोधी सदस्यानं दोन उपप्रश्न विचारले, मंत्र्यांनी ते सहज परतवले. मग सत्ताधारी बाकावरचा शेजारच्या मतदारसंघाचा आमदार उठला. कोणत्या चारीवर, म्हणजे पोटकालव्यावर, दार मोडलंय, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या किती जागा रिकाम्या आहेत, गेल्या उन्हाळ्यात आवर्तन कितव्या दिवशी बंद केलं, सगळं त्याला पाठ. स्वतःच्याच सरकारच्या मंत्र्याला त्यानं असं खिंडीत गाठलं की माझी पेन्सिल मागे पडायला लागली. नंतर पॅसेजमध्ये हा आमदार आणि तो विरोधी सदस्य चहा घेताना दिसले. आज मोडक्या दाराचं कोण विचारणार आणि पाटकऱ्यांचं कोण, हे आदल्या दिवशी तिथेच ठरलं असणार, अशी माझी खात्री आहे. तुम्ही पाहता त्या चहात असलाही चहा असतो.

माझी आजी रोजगार हमीवर खडी फोडायला जायची. ती म्हणते, ‘ही योजना पागेसाहेबांची.’ वडील म्हणतात, ‘विरोधकांनी मोर्चे काढले म्हणून मिळाली.’ घरातलं हे भांडण तुम्हीच मिटवा.
– एक वाचक, सांगोला

सांगोल्याहून हा प्रश्न यावा याचं हसू आलं, आणि बरंही वाटलं. तुमच्याच तालुक्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा विधानसभेत पाठवलं. शेतकरी कामगार पक्षाचा हा माणूस आयुष्याचा बहुतेक काळ विरोधी बाकावर बसला आणि दुष्काळावर बोलत राहिला.

आजीचं खरं आहे. वि. स. पागे काँग्रेसचे आणि १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकातच तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. पण १९७२चा दुष्काळ पडला नसता तर ती तालुक्यापुरतीच राहिली असती, असं मला वाटतं. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. काम द्या, मजुरी वेळेवर द्या म्हणून मोर्चे निघत होते. म्हणजे वडीलही खोटं बोलत नाहीत.

पैशांचं गणित १९७५च्या व्यवसाय कराच्या कायद्यानं सुटलं. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कर कापायचा, तेवढीच भर सरकारनं घालायची आणि त्यातून खेड्यातली कामं चालवायची. माझ्याही पगारातून तो कापला जायचा. त्यावर कुरकुरणाऱ्या सहकाऱ्यांना मी सांगायचे, ‘अरे, पाझर तलाव बांधतोय आपण.’

१९७७ साली हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमतानं मंजूर झाला. आणीबाणी नुकतीच उठली होती. तुरुंगातून सुटलेली आणि तुरुंगात टाकणाऱ्यांच्या पक्षातली माणसं समोरासमोर होती, तेव्हाची ही गोष्ट. विधेयक आलं वसंतदादा पाटलांच्या सरकारच्या काळात. दादांचं सरकार पाडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, गणपतराव त्यांच्याच मंत्रिमंडळात आले, आणि २६ जानेवारी १९७९ला कायदा लागू झाला तो या नव्या सरकारच्या हातून. आधीच्यांचं म्हणून त्यांनी तो कपाटात टाकला नाही.

दोषही होते. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, पण तो किमान एक रुपया रोज! हजेरीपटावर खोटी नावं लागायची, त्याच्या तक्रारी मी स्वतः लिहून घेतल्यात. पुढे २००५ साली देशाचा कायदा झाला तेव्हा आपलाच अनुभव समोर होता. आजीला विचारा, कामावर लहान मुलांसाठी पाळणा बांधलेला असायचा का? कायद्याच्या पुस्तकापेक्षा तिचं उत्तर मला जास्त हवंय.

नागपूरचं अधिवेशन म्हणजे हुरडा खायची सहल, असं ऐकतो. खरं का?
– एक विद्यार्थी, पुणे

हुरडा मीही खाल्लाय, वांग्याच्या भरतासोबत. पण हे अधिवेशन विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३च्या नागपूर करारातून आलंय, कुणाच्या हौशीतून नाही. तिथे एक गंमत व्हायची. अनुशेषाचा, म्हणजे मागे राहिलेल्या भागांच्या विकासाच्या थकबाकीचा, विषय निघाला की पक्षांच्या रांगा मोडायच्या आणि विदर्भ एका बाजूला, पश्चिम महाराष्ट्र दुसऱ्या बाजूला अशी नवी मांडणी व्हायची. १९८४ साली दांडेकर समितीनं सगळ्या राज्याचा मिळून अनुशेष ३ हजार १८६ कोटी रुपयांचा काढला होता. मी तिथे असेपर्यंत तो आकडा कुणी ना कुणी काढायचंच. मराठवाड्याचे आमदार आधी विदर्भाच्या बाजूने बोलायचे आणि वाटपाची वेळ आली की हळूच स्वतःचा हिशोब काढायचे.

आमच्या पुलाबद्दल आमदारांनी लक्षवेधी सूचना मांडली. मंत्री म्हणाले, ‘तपासून कार्यवाही करू.’ दोन वर्षं झाली, वीटही हलली नाही. आता काय करावं?
– एक ग्रामस्थ, रत्नागिरी जिल्हा

‘तपासू’ आणि ‘करू’ यांत फार अंतर आहे, दादा. मंत्री ‘करू’ म्हणाले असतील तर ते आश्वासन ठरतं, आणि ते पाळलं की नाही हे बघायला त्या सभागृहाची आश्वासन समिती असते. तिच्यात सगळ्या पक्षांचे सदस्य असतात आणि बैठका बंद दाराआड चालतात. अशा समित्यांपुढे होणाऱ्या साक्षीही आम्हीच लिहून घ्यायचो. तिथे गॅलरी नाही, कॅमेरा नाही. समोर खात्याचा सचिव बसलेला आणि आमदार फाईल उघडून एकेक कागद मागणारे. माझ्या टिपणातली नावं झाकली असती, तर कुठला प्रश्न कुठल्या पक्षाच्या सदस्याचा हे मलाही ओळखता आलं नसतं.

तेव्हा आधी त्या दिवसाचं कार्यवृत्त, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याची आम्ही लिहून घेतलेली नोंद, काढा. विधानमंडळाच्या ग्रंथालयात ते असतं, आमदारांमार्फत सहज मिळेल. मंत्र्यांचं वाक्य अक्षरशः काय आहे ते बघा. ‘करू’ सापडलं तर आश्वासन समितीवर कोण आहेत याची यादी घ्या आणि त्यातल्या दोघांना पत्र लिहा. एक तुमच्या आमदाराच्या पक्षाचा, एक समोरच्या. पत्रात तारीख आणि पान क्रमांक घालायला विसरू नका.

आणि तिथे नुसतंच ‘तपासू’ निघालं, तर पुन्हा मला लिहा. मग लक्षवेधी नको, अर्धा तास चर्चेची सूचना कशी द्यायला लावायची ते सांगते.